भरलेला नाला, उतरलेली विहीर

नाला खोलीकरणानंतर विहिरीचं पाणी उतरलं, अशी तक्रार सहसा कोणी करत नाही. खोलीकरण झालं म्हणजे पाणी वाढणारच, असं आपल्याकडे ठरूनच गेलंय. त्यामुळे शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावातून आप्पांचा फोन आला तेव्हा आमच्या ऑफिसातल्या पोरांनी तो हसण्यावारी नेला. आप्पांचं म्हणणं, विहिरीवर मोटार दोन तास चालायची, ती आता पाऊण तासात हवा ओढते. मला हे खटकलं. पाऊस किती पडला यात शेतकऱ्याचा अंदाज चुकेल, मोटार किती वेळ चालते यात नाही.

भूजलाची पाहणी हे माझं काम. टेप, उंचीतला फरक मोजायची डम्पी लेव्हल, हातोडा आणि थर्मामीटर गाडीत टाकून जानेवारीतल्या एका सकाळी पोहोचलो. थंडी अशी की शेकोट्या अजून विझल्या नव्हत्या.

नाला पाहून कोणालाही आनंद व्हावा. दीड-दोन पुरुष खोल, काठ सरळ कापलेले, तळाला स्वच्छ पाणी. जलपूजनाचा फ्लेक्स बाभळीला लटकत होता. जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसाच्या मुलखात जानेवारीत नाल्यात पाणी, म्हटल्यावर सरपंच तात्या ऐटीत चालत होते, आणि ते रास्तच होतं.

मी मात्र काठाचा दगड बघत निघालो. धुळे-नंदुरबारचा पट्टा डाईकसाठी भूगर्भशास्त्रात प्रसिद्ध आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी वितळलेला खडक उभ्या भेगांत शिरून तिथंच थिजला आणि जमिनीत काळ्या घट्ट दगडाच्या भिंती तयार झाल्या, बहुतेक पूर्व-पश्चिम, काही तर कित्येक किलोमीटर लांब. आजूबाजूचा खडक झिजला की त्या माळावर धारेसारख्या उठून दिसतात. इथले नाले उत्तरेला तापीकडे उतरतात. मुरलेलं पाणीही तिकडेच सरकतं, भिंतीशी अडतं आणि भिंतीच्या वरच्या अंगाच्या विहिरी उन्हाळ्यापर्यंत तग धरतात. सगळेच डाईक असे नसतात. काही इतके तडकलेले असतात की पाणी त्यांच्यातूनच वाहतं. म्हणून जागेवर जाऊनच बघावं लागतं.

आप्पांच्या मळ्याच्या थोडं खाली ती भिंत सापडली. म्हणजे ती जिथं होती ती जागा सापडली. पोकलेनची बकेट दगडाला लागेना, तेव्हा ब्रेकर लावून फोडलेली. दोन्ही काठांवर छिन्नीच्या खुणा ताज्या होत्या. ठेकेदाराला पैसे घनमीटरवर. मधे दगडाचा उंबरठा राहू द्यावा असं त्याला कशाला सुचेल?

टेप सोडून विहिरीचं पाणी मोजलं, नाल्याचं मोजलं, लेव्हल लावून दोन्ही एकाच मापावर आणलं. विहिरीतलं पाणी नाल्यातल्या पाण्यापेक्षा हातभर उंच निघालं. नाला विहिरीला पाणी देत नव्हता, विहिरीखालचं पाणी ओढून घेत होता.

तात्यांना पटेना. "साहेब, मशीन काय, काहीही सांगतं."

इथं थंडी कामाला आली. फोडलेल्या जागेच्या वरच्या अंगाला, पाण्याच्या रेषेपासून वीतभर वर, काठाच्या मुरमातून पाणी पाझरत होतं. तात्यांना आधी नाल्यात हात घालायला लावला, बोटं आखडली. मग तोच हात त्या पाझरावर ठेवायला सांगितला. पाझर कोमट होता. थर्मामीटरही तेच सांगत होता, पण त्याकडे कोणी बघितलं नाही. हिवाळ्यात विहिरीचं पाणी कोमट लागतं हे पहाटे बारं द्यायला जाणाऱ्याला सांगावं लागत नाही. तात्यांनी हात काढला, पुन्हा ठेवला.

मागून आप्पा म्हणाले, "पानी मन्ही इहीरनं, फोटू त्यास्ना!"

"मग शिरपूरला कसं जमलं?" तात्यांचा प्रश्न वाजवी होता. तिथंही नालेच खोल केले आणि पाणी वाढलं. तापीच्या उत्तरेला सातपुड्याच्या बाजूला गाळाचे जाड थर आहेत. त्यातली चिकणमाती पाणी खाली जाऊ देत नाही. ती कापली की खालच्या वाळूला पाणी मिळतं. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी 2004 पासून शिरपूर तालुक्यात काम केलं ते आधी थर वाचून. बाकी गावांनी त्यातलं पोकलेन तेवढं उचललं, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी अडचण दुपारी पारावर आली. भिंतीच्या खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांनी नाल्यावर मोटारी बसवून गहू-कांदा केला होता. त्यातला एक तरणा पोरगा शांतपणे म्हणाला, "आम्ही काय चोरी केली का?" केली नव्हतीच. पाणी आलं, त्यांनी घेतलं. वरच्याचं गेलं ते खालच्याला मिळालं आणि काही उघड्यावर उन्हानं नेलं. कोणाचं किती, याचं उत्तर माझ्या टेपमध्ये नव्हतं.

मी एवढंच सांगितलं की भिंत परत उभी करा. दोन्ही काठांच्या अखंड दगडात खाचा घ्या, काँक्रीट भरा, वरच्या अंगाला काळ्या मातीचा भराव दाबून बसवा. उंची नाल्याच्या जुन्या तळाइतकीच. त्यावरून पुराचं पाणी जाऊ द्या. खालच्यांनी भिंतीत पाइप मागितला. आप्पा उसळले. बरीच हमरीतुमरी झाली, कोणाच्या तरी आजोबांच्या बांधाचा विषयही निघाला. अखेर ठरलं की गहू निघाल्यावर काम करायचं, पाइप ठेवायचा आणि रब्बीच्या दोन पाळ्यांपुरताच उघडायचा. मी गेरूनं काठाच्या दगडावर उंचीची खूण करून दिली.

भिंत पावसाआधी झाली. आप्पांची मोटार आता दीड तास चालते. दोन तास अजून नाही. पाइपाच्या व्हॉल्व्हवरून दर हिवाळ्यात भांडण होतं, आणि फोन मला येतात, दोन्ही बाजूंनी.