खासगी फोनवर अमेरिकी लष्कराचा मेल: कार्ड, रीडर आणि न उघडणारी फाइल

अमेरिकेच्या नॅशनल गार्ड आणि रिझर्व्हमधला सैनिक महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि वर्षातले साधारण दोन आठवडे गणवेशात असतो. आदेश, तारखांतले बदल, वैद्यकीय तपासणीची मुदत यांचे मेल मात्र उरलेल्या दिवसांतच येतात. तेव्हा हाताशी सरकारी संगणक नसतो, स्वतःचा फोन असतो. त्या फोनवर मेल बघायच्या नियमात बसणाऱ्या वाटा आहेत. त्या माहीत नसल्या की माणूस सगळे मेल खासगी पत्त्यावर फॉरवर्ड करून मोकळा होतो, आणि तिथून खरा घोटाळा सुरू होतो.

इथे विषय फक्त निपरनेट या लष्करी नेटवर्कवरच्या, म्हणजे गोपनीय वर्गीकरण नसलेल्या मेलचा आहे. सिपरनेट या वेगळ्या नेटवर्कवरचा गोपनीय मेल खासगी फोनवर कोणत्याही वाटेने येत नाही आणि आणायचाही नाही. वर्गीकरण नसलेल्या मेलमध्येही सैनिकांची वैयक्तिक माहिती, तैनातीचे तपशील असतात. त्याला सीयूआय म्हणतात आणि त्याची हाताळणी नियमांनी बांधलेली आहे. तेव्हा ‘गोपनीय नाही’ याचा अर्थ ‘कुठेही ठेवा’ असा नाही.

सगळ्याचं मूळ कॅक, म्हणजे कॉमन अ‍ॅक्सेस कार्ड. क्रेडिट कार्डाएवढं हे ओळखपत्र, आणि त्याच्या चिपमध्ये वेगवेगळ्या कामांची डिजिटल प्रमाणपत्रं: लॉगिनसाठी ऑथेंटिकेशनचं, सही करण्यासाठी एक आणि मेल एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, करण्यासाठी एक. पिन ६ ते ८ अंकी. लागोपाठ ३ वेळा चुकला की कार्ड बंद होतं आणि ते फोनवरून उघडत नाही, ओळखपत्र देणाऱ्या रॅपिड्स कार्यालयात जावं लागतं. म्हणून २ वेळा चुकलं की हात आवरा. जिथे पिन नेहमी बरोबर पडतो त्या संगणकावर एकदा बरोबर टाकला, की चुकांची मोजणी पुन्हा शून्यावर येते.

आयफोनवर ही वाट आता बरीच सोपी झाली आहे. आयओएस १६पासून फोनला पीआयव्ही प्रकारची (कॅकसारखी सरकारी ओळखीची) स्मार्ट कार्डं आणि सीसीआयडी या यूएसबी प्रमाणाचे रीडर, म्हणजे कार्डाची चिप वाचणारी छोटी यंत्रं, थेट ओळखता येतात, वेगळं अ‍ॅप लागत नाही. आयफोन १५पासून यूएसबी-सीचा रीडर, त्याआधीच्या फोनला लाइटनिंगचा. रीडर घेताना खोक्यावर सीसीआयडी लिहिलेलं आहे ना, एवढं बघा. आधी कार्ड रीडरमध्ये शेवटपर्यंत बसवा, मग रीडर फोनला जोडा, मग सफारीत खासगी टॅब उघडून वेबमेलचा पत्ता टाका. प्रमाणपत्रांची यादी समोर येईल. त्यातलं ऑथेंटिकेशनचं निवडा. ज्याच्या नावात ‘ईमेल’ आहे ते नको. मेल उघडायचा आहे म्हणून हात नेमका त्याच नावाकडे जातो, आणि लॉगिन फसण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. एकदा चुकीचं निवडलं की ब्राउझर तीच निवड धरून बसतो आणि पान पुन्हा उघडलं तरी तीच चूक दाखवतो. सगळे खासगी टॅब बंद करा, रीडर काढा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.

कार्ड ओळखलंच जात नसेल तर आधी जाड कव्हर काढा. कव्हरमुळे प्लग पूर्ण आत जात नाही आणि रीडरची जोडणी मधूनच तुटते. मग चिपचे सोनेरी भाग मऊ कोरड्या कापडाने पुसा आणि कार्ड उलटं घातलेलं नाही ना ते पाहा, कारण चिप वर की खाली हे रीडरच्या बनावटीवर ठरतं. फोनची तारीख-वेळ आपोआप घेण्यावर ठेवा. घड्याळ चुकीचं असेल तर वैध प्रमाणपत्रही मुदत संपलेलं दिसतं.

बऱ्याच डॉट मिल, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या, पानांवर ‘ही जोडणी खासगी नाही’ असा इशारा येतो. संरक्षण खात्याची मूळ प्रमाणपत्रं फोनमध्ये उपजत नसतात, हे त्याचं कारण. ती प्रोफाइल म्हणून बसवल्यावर आयफोनवर आणखी एक पायरी उरते आणि हमखास राहून जाते: सेटिंग्ज, जनरल, अबाउट, आणि अगदी तळाशी सर्टिफिकेट ट्रस्ट सेटिंग्ज. तिथे त्या प्रमाणपत्रापुढचं बटण चालू केल्याशिवाय इशारा जात नाही. ही फाइल मात्र संरक्षण खात्याच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. मूळ प्रमाणपत्रावर विश्वास ठेवणं म्हणजे त्याचा मालक ज्या साइटला खरी म्हणेल ती तुमचा फोन खरी मानणार. भलत्याच कुणाची फाइल बसली तर बँकेचं पानही बनावट येऊ शकतं. हा धोका मोठा आहे, घाईत घेऊ नका.

अँड्रॉइडवर एवढी सोय नाही. तिथला क्रोम यूएसबी रीडरमधलं कार्ड स्वतःहून वाचत नाही. त्यासाठी कार्ड वाचणारं आणि स्वतःचा ब्राउझर असलेलं वेगळं अ‍ॅप लागतं. कोणतं चालेल हे आपल्या युनिटच्या आयटी विभागाला विचारूनच ठरवा, कारण पिन तुम्ही त्याच अ‍ॅपच्या हाती देणार आहात. पिन टाकताना फोनचा मूळ कीबोर्डच वापरा, दुसऱ्या कुणाचा बसवलेला नको.

इथपर्यंत आलं की साधे मेल वाचता येतात. मग एखादा मेल रिकामा दिसतो आणि खाली ‘एसमाइम डॉट पी७एम’ नावाची फाइल लटकलेली असते. फाइल बिघडलेली नाही. तो मेल तुमच्या एन्क्रिप्शन प्रमाणपत्राने कुलूपबंद आहे. त्याची किल्ली कार्डात आहे, पण फोनच्या ब्राउझरमधला वेबमेल ती वापरू शकत नाही. संगणकावर त्यासाठी एसमाइमचं, म्हणजे मेल कुलूपबंद करण्याच्या या पद्धतीचं, वेगळं एक्स्टेंशन बसवावं लागतं, आणि फोनच्या ब्राउझरला ते बसत नाही. पी७एम फाइल उघडून देतो म्हणणारी अ‍ॅप्स शोधत बसू नका. किल्ली नसलेल्या अ‍ॅपला ती उघडता येणार नाही, आणि किल्ली त्याला द्यायची नाही. जिच्या नावाच्या शेवटी पी७एस आहे ती फाइल मात्र नुसती सही असते. मजकूर वरती वाचता येतो, तेव्हा तिच्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं.

नवीन कार्ड मिळाल्यावर आणखी एक गुंता होतो. एन्क्रिप्शनची किल्ली बदलते, आणि जुन्या किल्लीने बंद केलेले मेल नव्या कार्डाने उघडत नाहीत. एन्क्रिप्शनच्या किल्ल्यांची प्रत संरक्षण खातं राखून ठेवतं, त्यामुळे जुनी किल्ली परत मिळवता येते. सही आणि लॉगिनच्या किल्ल्यांची प्रत ठेवली जात नाही. परत मिळालेली किल्ली पासवर्ड लावलेल्या फाइलच्या रूपात येते. ती सरकारी संगणकावरच बसवा, स्वतःला मेल करून फोनमध्ये कधीही उतरवू नका. आणि नवं प्रमाणपत्र आउटलुकमधून सामाईक पत्तापुस्तिकेत प्रकाशित करा, नाहीतर लोक जुन्याच किल्लीने मेल पाठवत राहतात.

कार्ड आणि रीडर न बाळगता काम व्हावं म्हणून निघालेली वाट म्हणजे कार्डावरून घेतलेलं दुसरं प्रमाणपत्र, जे फोनमध्येच राहतं. निस्ट या अमेरिकेच्या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने त्याचे मार्गदर्शक नियम डिसेंबर २०१४मध्ये प्रसिद्ध केले. संरक्षण खात्यात हे काम डिसा या त्याच्या माहिती-यंत्रणा सांभाळणाऱ्या संस्थेची प्युअरब्रेड ही यंत्रणा करते: आधी कार्डाने तुमची ओळख पटते, मग फोनमध्ये किल्ल्या तयार होतात. असा फोन एन्क्रिप्ट केलेला मेलही उघडू शकतो. पण ही सोय मुख्यतः सरकारी, व्यवस्थापित फोनसाठी आहे. आपल्या खासगी फोनवर ती मिळेल असं धरून चालू नका.

खासगी फोनसाठी अमेरिकी सेनेने निवडलेली हायपोरी या अ‍ॅपची वाट मला सगळ्यात पटते. त्यात मेल फोनवर येतच नाही. एक आभासी अँड्रॉइड फोन दूरच्या सर्व्हरवर चालतो आणि तुमच्या पडद्यावर फक्त त्याचं चित्र उमटतं. फोन हरवला तरी त्यात सेनेचा एक शब्दही नसतो, आणि तुमचे फोटो, संदेश सेनेच्या हाती जात नाहीत. कमतरता एकच, पण जाणवणारी: नेटवर्क बारीक असेल तर प्रत्येक स्पर्श उशिरा पोहोचतो, आणि नेटवर्कच नसेल तर काहीच दिसत नाही. त्याचा परवाना युनिटमार्फत मिळतो, आपल्या मनाने अ‍ॅप उतरवून भागत नाही.

रीडरने मेल वाचणाऱ्यांनी मागे काय उरतं याची काळजी स्वतः घ्यायची असते. सफारीत अटॅचमेंट उतरवली की ती बहुतेकदा आयक्लाउड ड्राइव्हच्या डाउनलोड्समध्ये जाते, आणि तिथून घरच्या आयपॅडवरही. त्यामुळे अटॅचमेंट ब्राउझरमध्येच बघा, आणि सफारीच्या डाउनलोडची जागा ‘फोनवर’ अशी करून ठेवा. स्क्रीनशॉटही फोटोंबरोबर क्लाउडवर चढतात. रीडर उपसला म्हणजे लॉगआउट झालं असंही नाही, उघडलेलं सत्र चालूच राहू शकतं. आधी साइन आउट, मग टॅब बंद, मग कार्ड बाहेर.

खासगी पत्त्यावर आपोआप फॉरवर्ड लावायला तर सरळ मनाई आहे. नाइलाजाने खासगी खात्यावरून सरकारी कामाचा मेल गेलाच, तर तो पाठवतानाच सरकारी पत्त्यावर त्याची प्रत ठेवा किंवा २० दिवसांच्या आत पूर्ण मेल तिकडे पोहोचवा. अमेरिकेच्या नोंदी-विषयक कायद्यातच ही मुदत लिहिलेली आहे.

फोनच्या कव्हरमागे कॅक ठेवायची सवय असेल तर ती आजच मोडा. फोन गेला की कार्डही जातं, आणि मग युनिटला कळवणं, कार्ड रद्द करणं, रॅपिड्सची वेळ मिळवणं हे सगळं फोन आणि कार्ड दोन्ही नसताना करावं लागतं.