सात किलोंचा हिशेब

२२ जून

रात्रभर कोसळणारा पाऊस पहाटे थांबलेला पाहून लगेच घर सोडले आणि चंद्रनाथाच्या डोंगराच्या पायऱ्या आज सलग दोनदा चढले-उतरले. पारोड्याला रस्त्यावर पाणी आले की केप्याला परतण्याची वाट अडते, त्यामुळे पावसाळ्यातला हा सराव एक डोळा आभाळाकडे ठेवूनच करावा लागतो.

आमचा हा डोंगर साडेतीनशे मीटरांच्या आसपास असेल. सप्टेंबरात मी आणि माझी मामेबहीण पेरूतल्या ज्या चार दिवसांच्या इंका वाटेने माचू पिचू या इंका लोकांच्या जुन्या डोंगरी नगरीला चालत जाणार आहोत, तिच्यावर दुसऱ्याच दिवशी वायाबांबाच्या परिसरातून, म्हणजे साधारण ३,००० मीटरांवरून, ४,२१५ मीटरांवरच्या खिंडीपर्यंत चढायचे आहे. गोव्यातले सर्वांत उंच शिखर सत्तरीतले सोनसोगड. ते समुद्राच्या पाण्यापासून मोजले तरी त्या एका चढाएवढे भरत नाही. खिंडीचे क्वेचुआ भाषेतले नाव वार्मीवान्युस्का, म्हणजे ‘मेलेली बाई’. आईसमोर मी तिला नुसती ‘मोठी खिंड’ म्हणते.

येथे चढून पाय तयार होतात आणि दमही थोडा वाढतो. विरळ हवेची सवय मात्र समुद्रकाठी राहून लागत नाही. त्या खिंडीवर हवेचा दाब समुद्रसपाटीवरच्या दाबाच्या जेमतेम साठ टक्के असतो, म्हणजे तितकाच मोठा श्वास घेतला तरी त्यातून मिळणारा प्राणवायू त्या मानाने कमी. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे हा त्रास रोज धावणाऱ्या तरुणालाही होतो आणि माझ्यासारख्या छप्पन वर्षांच्या बँकेतल्या बाईला कदाचित होणारही नाही. आधीपासून काही सांगता येत नाही. उपाय एकच, सावकाश जाणे. म्हणून सुमारे ३,४०० मीटरांवरच्या कुस्को शहरात विमानातून उतरलो की तेथे न थांबता २,८०० मीटरांवरच्या ओयान्तायताम्बो गावी खाली जायचे, दोन रात्री तेथे काढायच्या आणि मग दोन रात्रींसाठी कुस्कोला वर यायचे, असे आम्ही ठरवले आहे. गंमत अशी की ज्या माचू पिचूच्या उंचीची शेजारीपाजारी इतकी धास्ती घेतात, ते स्वतः २,४३० मीटरांवर, म्हणजे कुस्कोपेक्षा जवळजवळ एक हजार मीटर खाली आहे.

२४ जुलै

१९११ साली याच तारखेला हायरम बिंगम हे अमेरिकी प्राध्यापक माचू पिचूला पोहोचले. ‘शोध लागला’ असे आपण सहज लिहून जातो. प्रत्यक्षात मेल्चोर आर्तेआगा नावाच्या स्थानिक शेतकऱ्याने त्यांना वाट दाखवली होती आणि वर काही शेतकरी कुटुंबे इंकांच्याच पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांवर पिके घेत राहत होती. हे वाचल्यापासून मला आमचे चांदर आठवते आहे. गोव्याच्या प्राचीन भोज राजांची राजधानी चंद्रपूर ती हीच. उत्खननाच्या जागी मुंडके नसलेला नंदी आहे, आणि आजूबाजूच्या माणसांचा संसार त्याच मातीवर चालू आहे.

इंका वाटेवर आता वाटाड्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. दिवसाला पाचशे माणसांनाच परवाना मिळतो आणि त्यात वाटाडे व पोर्टरही मोजले जात असल्याने चालायला येणाऱ्यांच्या वाट्याला जेमतेम दोनशे जागा येतात. परवान्यावरचे नाव आणि क्रमांक पासपोर्टाशी तंतोतंत जुळावा लागतो, तो दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, तारीखही बदलत नाही. फेब्रुवारीत वाट दुरुस्तीसाठी बंद असते आणि तिथला कोरडा हंगाम साधारण मे ते सप्टेंबर, म्हणजे नेमका आमच्या पावसाळ्याचा. त्यातून चतुर्थी चुकवणे मला शक्य नव्हते. गणपतीवर टांगायची फळा-पानांची माटोळी घरी मीच बांधते. तेव्हा परवाना काढताना एका हातात पासपोर्ट आणि दुसऱ्या हातात पुढच्या वर्षाचे पंचांग अशी माझी अवस्था होती.

१० ऑगस्ट

आजचा दिवस फजितीचा. नऊ वर्षांपूर्वी हिमालयात वापरलेले बूट कपाटात जपून ठेवले होते. घरच्या घरी पुसून, बुरशी काढून, पायात घालून अंगणात चार पावले टाकली तोच उजव्या बुटाचा तळ शंकरपाळ्यासारखा भुगा होऊन सुटला. या जातीचा फोमसारखा तळ दमट हवेत न वापरताही आतून विरत जातो, हे मला दुरुस्ती करणाऱ्याने सांगितले. खिंडीत न सुटता अंगणात सुटला, हे बरेच झाले म्हणायचे. नवे बूट आणले आहेत, अर्धा आकार मोठे, कारण उतरताना बोटे पुढे आपटतात. आता निघेपर्यंत बँकेतही तेच घालून जाणार आहे.

उतरण्याची मला खरी भीती वाटते. चढताना थांबून श्वास घेता येतो; पण दगडी पायऱ्यांवरून सहाशे मीटर खाली जाताना गुडघ्यांना विसावा कुठला? म्हणून चंद्रनाथावर आता चढण्यापेक्षा उतरण्याकडे लक्ष देते. गुडघा थोडा वाकवून, काठी आधी टेकवून, आवाज न करता पाऊल ठेवायचे. काठ्यांच्या टोकांना रबरी टोप्या सक्तीच्या आहेत, नाहीतर लोखंडी टोकांनी त्या जुन्या पायऱ्या झिजतात.

पीतज्वराची लस गेल्या आठवड्यात घेतली. आम्ही चालणार त्या उंचीवर तो ताप पसरवणारा डास नसतो, तरी पेरूहून भारतात परतताना लशीचे प्रमाणपत्र लागते आणि ते लस घेतल्यावर दहा दिवसांनी ग्राह्य धरले जाते. डॉक्टरांनी उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळीही लिहून दिली. त्याआधी सल्फाच्या औषधांची ॲलर्जी आहे का, हे दोनदा विचारले. या गोळीने मूत्रपिंडे रक्तातले आम्लाविरुद्ध गुणाचे बायकार्बोनेट बाहेर टाकतात, रक्त किंचित आम्लधर्मी होते आणि त्यामुळे श्वास आपोआप वाढतो. बोटांना मुंग्या येतात आणि सोडा बेचव लागतो म्हणे. मात्र गोळी घेतली म्हणून घाई करायची मुभा नाही आणि त्रास वाढला तर खालीच उतरायचे, हे त्यांनी निक्षून सांगितले.

६ सप्टेंबर

पोर्टरकडे द्यायच्या पिशवीचे वजन झोपण्याच्या पिशवीसह ७ किलोंपेक्षा जास्त नको, असे आम्हाला कळवलेले आहे. तंबू, स्टोव्ह, भांडी, शिधा हे सारे तीच माणसे वाहून नेतात, आमच्यानंतर निघून आमच्याआधी मुक्कामाला पोहोचतात. एका माणसाच्या पाठीवर २० किलोंपेक्षा जास्त ओझे द्यायचे नाही असा तिथला कायदा आहे आणि वाटेच्या सुरुवातीला वजन करूनच पुढे सोडतात.

काजूच्या बिया तोलायचा जुना काटा आईने माळ्यावरून काढून दिला. पिशवी अडकवली तर काटा साडेआठवर. मी मुकाट्याने एकेक वस्तू काढू लागले: दुसरा स्वेटर, जाड टॉवेल, रोजनिशीची बांधीव वही, सुती कपडे. सुती कपडे तसेही निरुपयोगी, भिजले की वाळत नाहीत आणि रात्री पारा शून्याजवळ उतरतो. लोकरीची टोपी आणि पावसाचा अंगरखा राहू दिला. अंगरख्याची परीक्षा आमच्या आषाढाने घेतलेलीच आहे.

आई पाटावर बसून पाहत होती. ‘तिथे खाणार काय?’ हा तिचा प्रश्न महिनाभर चालू आहे. बटाटा मूळ त्याच डोंगरांतला, हे सांगितल्यावर ती थोडी निवळली होती. आज मात्र तिने वेगळेच विचारले: ‘हे ओझे नेणारा माणूस किती वर्षांचा असेल?’ मला उत्तर देता आले नाही. मी आणखी एक स्वेटर काढला आणि काटा ६ किलो ८०० वर आला.

तेवढ्यात तिने आल्याच्या वड्यांचा डबा पुढे केला, मळमळीवर म्हणून. पाव किलो तरी असतील. पिशवी काट्यावरून उतरवली, तिचे तोंड घट्ट बांधले आणि डबा माझ्या पाठीवरच्या पिशवीत ठेवला.