दोघांत एक चुंबक : आमची वाटचाल

शाळांसाठी चुंबकांचे संच बनवण्याच्या व्यवसायात पडण्याआधी मी नागपुरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. सहावीला चुंबकाचा धडा असतो. कपाटातून पट्टीचुंबकांची एकुलती एक जोडी निघायची, ती टेबलावर, आणि मागच्या बाकांवरची मुलं माना उंचावून बघायची. प्रतिकर्षण, म्हणजे चुंबकांनी एकमेकांना ढकलणं, बघून कळत नाही, ते बोटांना जाणवावं लागतं. म्हणून आमचा नियम पहिल्यापासून एकच : दोन मुलांमागे एक संच. दाखवण्यापुरता एकच मोठा संच मागणाऱ्या शाळांना आम्ही आजही नाही म्हणतो.

ह्यांचं इतवारीत मोटर वाइंडिंगचं दुकान. नागपूरचा उन्हाळा, म्हणजे कूलरच्या जळक्या मोटारी आल्याच. इनॅमलचा पातळ थर दिलेली तांब्याची तार त्यामुळे घरचीच. फेराइटचे, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडपासून बनवलेले काळे चुंबक स्वस्त, ते ठोकात आणले. लोखंडाचा कीस हिंगणा एमआयडीसीतल्या लेथवाल्यांकडून मिळाला, पण तो तेलकट असतो. सोड्याच्या गरम पाण्यात धुवायचा, वाळवायचा, चाळायचा आणि पारदर्शक डबीत सीलबंद करायचा. मोकळा कीस डोळ्यांत जातो, आणि चुंबकाला लागला की निघता निघत नाही.

निओडिमियम या धातूपासून बनवलेले, इवलेसे पण फार जोरकस चुंबकही शाळा मागतात. ते आम्ही देत नाही. लहान मुलाने दोन गिळले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून ते एकमेकांना खेचतात आणि मधे चिमटलेल्या आतड्याला भोक पडू शकतं. ऑर्डर गेली तरी चालेल.

वर्गात आम्ही सतरंजी टाकून बसतो, कारण लोखंडी बाकांजवळ होकायंत्र भरकटतं. आधी नाणी : स्टीलचा रुपया चिकटतो, पाचाचं पिवळं नाणं चिकटत नाही. मग कागदात गुंडाळलेल्या तीन सारख्या पट्ट्या. त्यातल्या दोन चुंबक, एक साधं लोखंड. हातातला चुंबक वापरून लोखंड कोणतं ते शोधायचं. तिन्ही चिकटतात, मुलं बुचकळ्यात पडतात, एकमेकांच्या पट्ट्या ओढून बघतात. मग कुणीतरी पट्टीचं दुसरं टोक पुढे करतं आणि ओरडतं, “मॅडम, हा तं ढकलून राहिला!” लोखंड दोन्ही टोकांनी ओढलंच जातं, ढकलतो तो फक्त चुंबक. हे मी सांगायच्या आत वर्गात दोघा-तिघांनी काढलेलं असतं.

शेवटी खिळा, त्यावर गुंडाळलेली तार आणि सेल. तारेची टोकं पॉलिश पेपरने घासली नाहीत तर काहीच होत नाही, कारण इनॅमल वीज जाऊ देत नाही. घासल्यावर खिळा टाचण्या उचलतो, आणि होकायंत्राची सुई तारेजवळ आणली की हलते. 1820 साली डॅनिश शास्त्रज्ञ ओर्स्टेडला दिसलं ते हेच.

धंदा हंगामी आहे. विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात, मग जुलै-ऑगस्ट धावपळ, आणि पुन्हा 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या आसपास. शाळांची बिलं निघायला वेळ लागतो, तोवर वाइंडिंगचं दुकान घर चालवतं. 2020 ला शाळा बंद झाल्या, तेव्हा संच पाकिटात घालून घरोघरी पोचवले.

वाहतुकीत फेराइट फुटतो. फुटके तुकडे आम्ही फेकत नाही. प्रत्येक तुकड्याला पुन्हा दोन ध्रुव असतातच, त्यामुळे त्यांची वेगळी पुडी संचात टाकतो. यंदा रामटेक, उमरेडकडच्या शाळांना किंमत परवडावी म्हणून छापील खोका काढून टाकला. संच आता महालातल्या बायकांनी शिवलेल्या कापडी पिशवीत जातो. चुंबक मात्र तेवढेच आहेत.