फोंड्याच्या छापखान्यातला पेंटियम

गोव्यात जत्रा आली की नाटक आलेच, आणि नाटक आले की हस्तपत्रकही आले. अशी हस्तपत्रके, देवस्थानांची निमंत्रणे आणि लग्नपत्रिका यांच्या फाइली फोंड्यातल्या एका छापखान्यात जुन्या पेंटियम एमएमएक्स संगणकावर पडून होत्या. विंडोज ९८, पानमांडणीचे पेजमेकर ६.५ आणि मराठी फॉन्टचे एक पॅकेज. मजकूर बाहेर काढून युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या संगणकांना समजणाऱ्या अक्षर-कोडांमध्ये, आणायचा, एवढेच काम.

पण ते पॅकेज पॅरलल पोर्टवर (प्रिंटरच्या जुन्या जोडणीवर) डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरची किल्ली असलेली छोटी डबी, सापडल्याशिवाय फॉन्टच चढवत नाही, आणि फॉन्ट नसेल तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या एम्युलेटर प्रोग्रामने भागले नाही. सॉफ्टवेअर डोंगलशी थेट ३७८ या पत्त्यावर बोलते, आणि यूएसबीला लावायची पॅरलल केबल फक्त प्रिंटरपुरती असते, तो पत्ता ती पुरवत नाही. म्हणजे जुने यंत्रच उभे करायचे.

पावसाळ्यात बंद राहिलेले यंत्र आमच्या हवेत सरळ चालू करू नये. झाकण काढून यंत्र लाकडी कपाटात ४० वॉटच्या पिवळ्या बल्बखाली तीन दिवस ठेवले. मग रॅम आणि कार्डे काढली. सोनेरी पट्ट्यांवर हिरवट थर होता. तो आधी पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या हाताने घासला, मग ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. खोडरबराचा चुरा सॉकेटमध्ये पडू देऊ नका, नाहीतर यंत्र सुरू होताना दोष सांगणाऱ्या बीपचे नवे कोडे सुरू होते. या मदरबोर्डवर सीआर२०३२ हे साधे बटण-सेल होते. ४८६ किंवा त्याआधीचा बोर्ड असता तर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी बोर्डावरच झाळलेली मिळाली असती. ती गळली की आजूबाजूचा तांब्याचा माग खाते. तो गळ अल्कधर्मी असतो, म्हणून आधी व्हिनेगर आणि मग अल्कोहोल.

पॉवर सप्लाय एटी जातीचा. त्याच्या पी८ आणि पी९ या दोन जोडण्या बोर्डावर शेजारी-शेजारी बसतात आणि दोघींच्या काळ्या तारा मधोमध एकत्र यायला हव्यात. उलट बसल्या तर बोर्ड गेलाच म्हणून समजा. समोरच्या बटणापर्यंत २३० व्होल्ट थेट आलेले असतात, तेव्हा झाकण उघडे असताना तिथे हात नको. मागचा लाल स्विच ११५ वर नाही ना, हेही पाहून घ्यावे. बोर्ड जोडण्याआधी एक निरुपयोगी हार्ड डिस्क भार म्हणून लावून मीटरने मोजले: ५ व्होल्टची बाजू ४.७५ ते ५.२५ मध्ये आणि १२ ची ११.४ ते १२.६ मध्ये असावी.

मूळ २.१ जीबीची डिस्क या यंत्रात एकदाही सुरू केली नाही. जुनी डिस्क पहिल्या काही मिनिटांत काय देईल तेवढेच आपले, आणि विंडोज सुरू झाले की ते स्वतःच तिच्यावर लिहायला लागते. यूएसबी-आयडीई (आयडीई म्हणजे डिस्कची जुनी जोडणी) अडॅप्टरने ती लिनक्सच्या संगणकाला जोडली आणि डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने पूर्ण प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, काढली. पहिल्या फेरीत खराब जागा सोडून द्यायच्या, दुसऱ्या फेरीत फक्त तेवढ्याच तीन वेळा वाचायच्या. कुठवर वाचले याची नोंद असलेली मॅप फाइल ठेवली तर मध्येच लाइट गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होते, आणि लाइट गेलीच.

ही प्रतिमा ४ जीबीच्या कॉम्पॅक्टफ्लॅश मेमरी कार्डावर उतरवली आणि ते कार्ड ४० पिनांच्या आयडीई अडॅप्टरवर बसवले. इथे पहिला अडथळा. बायोसने (यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रामने) डिस्क आपोआप ओळखताना जागा मोजण्याची 'लार्ज' ही पद्धत निवडली आणि पडद्यावर 'मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम' आले. मूळ पार्टिशन 'एलबीए' या दुसऱ्या पद्धतीत पाडलेले, त्यामुळे डिस्कवरची जागा सांगणारा सिलिंडर-हेडचा हिशेबच जुळत नव्हता. हाताने एलबीए निवडल्यावर विंडोज उठले, पण डेस्कटॉप दिसताच गोठले. स्वस्त अडॅप्टरमध्ये डीएमएच्या (प्रोसेसरला न गुंतवता डिस्क आणि मेमरी यांच्यात थेट माहिती नेण्याच्या) तारा जोडलेल्याच नसतात. सेफ मोडमध्ये जाऊन, डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या सेटिंगमधली डीएमएची खूण काढल्यावर ते सुरळीत चालले.

आता डोंगल. पॅकेज म्हणते, 'सापडला नाही'. डोंगलच्या पिनांवरही तोच हिरवा थर. पुसला, स्क्रू घट्ट केले. तरी नाही. मागचा प्रिंटर काढला, कारण बंद प्रिंटरच्या केबलमुळे सिग्नल खाली ओढला जाऊ शकतो. तरीही नाही. कारण निघाले बायोसमध्ये. बॅटरी मेल्यामुळे सगळ्या सेटिंग मूळ स्थितीला गेलेल्या, आणि पॅरलल पोर्ट 'ईसीपी+ईपीपी' या वेगवान पद्धतींवर. त्याला 'एसपीपी' ही साधी पद्धत, पत्ता ३७८ आणि आयआरक्यू (प्रोसेसरचे लक्ष वेधणारी रेषा) ७ दिल्यावर पॅकेज पहिल्याच झटक्यात उघडले. दोष सॉफ्टवेअरचा वाटत होता, निघाला छोट्या सेलचा. अर्थात डोंगल काढताना-घालताना यंत्र पूर्ण बंदच हवे.

मजकूर पेजमेकरमधून साध्या टेक्स्टमध्ये निर्यात केला आणि कार्ड काढून लिनक्सवर वाचले. या फाइली विंडोज-१२५२, म्हणजे विंडोजच्या जुन्या रोमन अक्षर-कोडातल्या, म्हणून वाचायला हव्यात. यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची आजची पद्धत) समजून उघडल्या की १२८ च्या पुढच्या कोडांची वाट लागते, आणि निम्मी जोडाक्षरे नेमकी तिथेच असतात.

खरी कसरत रूपांतराची. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये उलट. 'किरण'मध्ये वेलांटी लगतच्या अक्षरानंतर नेली की झाले, पण तीच पद्धत 'स्थिती'ला लावली की वेलांटी अर्ध्या 'स्'लाच चिकटते. तिने अर्धे अक्षर ओलांडून पूर्ण व्यंजनानंतर जायला हवे. 'मूर्ती'मध्ये वेलांटी आणि रफार यांचा मिळून एकच आकार असतो, तो आधी फोडावा लागतो. म्हणून क्रम असा ठेवला: लांब जोडाक्षरे आधी बदलायची, मग जोडआकार फोडायचे, त्यानंतर वेलांटी हलवायची आणि शेवटी रफार अक्षराच्या आधी न्यायचा. हा क्रम चुकला की 'कीर्तन'चे काहीतरी भलतेच होते, आणि ते नेमके निमंत्रणाच्या पहिल्या ओळीत असते. 'श्री'साठी या फॉन्टमध्ये वेगळे एकच चिन्ह आहे, तेही तक्त्यात आठवणीने घालावे. तक्ता मी फॉन्टचा प्रत्येक आकार छापील पानाशी ताडून केला. छापखान्याने जुनी हस्तपत्रके फाइलीत लावून ठेवलेली, ते बरे झाले.

नवा सेल बसवून, बायोसच्या सगळ्या सेटिंग कागदावर लिहून तो कागद झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. डोंगल सिलिका जेलच्या पुडीसोबत झाकणाच्या डब्यात.