शिफ्ट धाकट्याकडे

मामाच्या ऑफिसातल्या कीबोर्डची वाटणी आम्ही मिरजेला पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी करून टाकली. बाणांची चारही बटणं माझी, कारण मी मोठा. धाकट्याला एकच बटण, डावीकडचं शिफ्ट. त्याचं तोंड वाकडं झालं तेव्हा मी त्याला पटवलं, की अरे, तलवार शिफ्टनंच चालते. हे खरंही होतं. धावणं, उड्या मारणं, वार अडवणं माझ्याकडे आणि वार करणं त्याच्याकडे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' नावाच्या कॉम्प्युटरवरच्या खेळातल्या एका राजपुत्राला आम्ही दोन पोरं मिळून हाकत होतो.

१९९४च्या मे महिन्याची सुट्टी होती. मामा करसल्लागार. त्याच्या ऑफिसात एक ३८६ कॉम्प्युटर होता, त्याला प्लॅस्टिकचं झाकण असायचं आणि त्या खोलीत चपला घालून जायचं नाही असा दंडक होता. संध्याकाळी सहाला अशील गेले की सात वाजेपर्यंतचा वेळ आमचा. 'बटणं हळू दाबा रे, टाइपरायटर नाही तो,' एवढं बजावून मामा खाली चहाला जायचा. ऑफिस सतारमेकर गल्लीच्या अगदी जवळ. खाली दुकानाच्या फळीवर पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठाले भोपळे वाळत ठेवलेले असत आणि कुणीतरी तंबोऱ्याची एकच तार तासन्‌तास लावत बसलेलं असे. वर आमच्या कॉम्प्युटरच्या डब्यातला स्पीकर टूं-टूं करून 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चं संगीत वाजवायचा. सुराला कोण कमी होतं हे सांगायला नको.

गोष्ट चार ओळींची. सुलतान लढाईवर गेलाय, वजीर जाफरनं राजकन्येला कोंडलंय, समोर वाळूचं घड्याळ ठेवलंय : तासाभरात लग्नाला हो म्हण, नाहीतर मर. इकडे राजपुत्र तळघरात. हातात तलवारसुद्धा नाही, तीही पहिल्याच लेव्हलमध्ये शोधावी लागते. त्याला मिळालेला तास म्हणजे खरोखरीची साठ मिनिटं. मेलात तर लेव्हल पहिल्यापासून, पण गेलेली मिनिटं गेलीच. मध्येच पडद्याखाली किती मिनिटं उरली ते उमटायचं आणि आम्ही दोघं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचो, कारण मामाचाही तासच होता.

आमच्याकडे खेळ आला तो अर्थात फ्लॉपीवरून कॉपी होऊन. एकाच फ्लॉपीत सगळा राजवाडा. पण बनवणारेही काही दुधखुळे नव्हते. पहिली लेव्हल संपली की एक खोली लागायची, तिथं जमिनीवर इंग्रजी अक्षरं आणि बाटल्या. सोबतच्या पुस्तिकेतलं अमुक पान, तमुक ओळ, त्यातला अमुक शब्द, त्याच्या पहिल्या अक्षरावरची बाटली प्या. पुस्तिका कुणी बघितली होती? मामाकडच्या टायपिस्टनं वहीच्या मागच्या पानावर अक्षरांची यादी उतरवून ठेवली होती, तीही कुणाच्या तरी वहीवरून. त्या यादीच्या बदल्यात आम्ही त्याला आठवडाभर पान आणून दिलं.

आता त्या चालण्याविषयी. तोवर आम्ही पाहिलेल्या खेळांतली माणसं ठोकळ्यासारखी सरकायची. हा माणूस चालायचा. पळता पळता थांबायचं म्हटलं तर त्याचे पाय थोडे घसरत, वळताना खांदा आधी जाई. आणि शिफ्ट दाबून बाण दाबला की तो जपून, एकच पाऊल टाके. काठावर आला तर पाय पुढं करून चाचपायचा आणि पुढं जमीन नाही म्हटल्यावर मागं घ्यायचा. विहिरीच्या काठावर आजोळचा गडी उभा राहायचा ना, अगदी तसं. भाले वर आलेल्या जागेतूनही जपून गेलं तर काही होत नसे. पळालात तर खलास. खाली पडण्याचाही हिशेब होता. एक मजला फुकट, दोन मजल्यांना एक लाल त्रिकोण, म्हणजे जिवाचा एक हिस्सा, कमी, तीन मजले पडला की राम म्हणा.

लटकण्याचं काम धाकट्याकडे. उडी मी मारायची आणि समोरचा काठ त्यानं शिफ्ट दाबून पकडायचा. शिफ्ट सुटलं की राजपुत्र सुटला. त्या महिन्यात आमची जेवढी भांडणं झाली ती सगळी या एका प्रश्नावर : तू उशिरा दाबलंस की मी लवकर उडवलं?

पुष्कळ वर्षांनी कळलं, की तो पळणारा मुलगा खरोखर कुणाचा तरी धाकटा भाऊ होता. खेळ बनवणारा जॉर्डन मेकनर तेव्हा नुकताच कॉलेजातून बाहेर पडला होता. १९८५ साली त्यानं आपल्या शाळकरी भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून एका गाडीतळावर पळायला, उड्या मारायला आणि भिंतीवर चढायला लावलं आणि ते व्हिडिओवर घेतलं. मग टीव्हीच्या पडद्यावर एकेक चित्र थांबवून त्याचे फोटो काढले, धुऊन आणले, त्यांवरून काळ्या-पांढऱ्या आकृत्या गिरवल्या आणि त्या ॲपल टू कॉम्प्युटरमध्ये भरल्या. तलवारबाजीसाठी मात्र भाऊ पुरेना. ती १९३८च्या रॉबिन हुडच्या सिनेमातून घेतली, शेवटच्या द्वंद्वात एरॉल फ्लिन आणि बॅझिल रॅथबोन अगदी बाजूनं दिसतात त्या काही सेकंदांवरून. संगीत वडिलांनी दिलं. म्हणजे सगळा घरचाच मामला. खेळ बाजारात यायला १९८९ उजाडलं. तो डेव्हिड दादाच्या सांगण्यावरून उन्हात किती वेळा पळाला असेल आणि 'आता बास' किती वेळा म्हणाला असेल, हे मला कुणी न सांगताही ऐकू येतं.

पुढच्या सुट्टीपर्यंत आम्ही बरेच सराईत झालो. बंद दार उघडायला राजकन्या एक पांढरा उंदीर पाठवते, तिथं धाकटा उभा राहून ओरडला, 'दादा, गणपतीनं पाठवला!' चौथ्या लेव्हलला आरसा येतो. त्यातून पळत उडी मारल्याशिवाय वाट नाही. उडी मारली की आरशातून दुसऱ्या बाजूला आपलीच सावली बाहेर पडते आणि पळून जाते. पुढं तीच सावली आपली बाटली पिऊन टाकते, तीच नेमक्या वेळी दार बंद करून आपल्याला खाली पाडते. माझ्या मते सगळ्या खेळातली सगळ्यात मोठी करामत ही, आणि ती नाइलाजातून निघाली. ॲपल टूच्या मेमरीत नवा शत्रू काढायला जागाच उरली नव्हती. तेव्हा मेकनरनं राजपुत्राचीच चित्रं जरा सरकवून, उलटसुलट रंगवून त्यातून ही झिरमिळी आकृती काढली. पहारेकऱ्यांसाठी जागा त्यानं नंतर खटपट करून मोकळी केली. घरात साखर संपल्यावर गुळाचं काहीतरी करावं आणि तेच सगळ्यांनी पुन्हा मागावं, तसलं हे.

बाराव्या लेव्हलला ती सावली तलवार काढून समोर उभी राहते. आम्ही लढलो. धाकट्यानं जीव खाऊन शिफ्ट बडवलं. तिला एक घाव लागला की आमचाही एक त्रिकोण कमी व्हायचा. ती मेली की आम्हीही मेलो. चार संध्याकाळी हेच. चौथ्या दिवशी मी त्याला काहीतरी फार लागेल असं बोललो. तो हात काढून भिंतीकडे तोंड करून बसला. 'मी नाही खेळत. तूच मार.' आता मी एकटा काय मारणार? उगाच खालचा बाण दाबला. राजपुत्रानं तलवार म्यान केली. समोर सावलीनंही केली. मी धाकट्याला कोपरानं ढोसलं. आम्ही नुसतेच तिच्या दिशेनं पळालो आणि दोघं एकात एक मिसळून गेले. पुढं पोकळीत पाय टाकला तर पायाखाली फरशी उमटत गेली. खाली तंबोरा लावणाऱ्याची तार एव्हाना कधीची लागली असावी, कारण आवाज बंद होता.

जाफर मात्र आम्हाला कधी आवरला नाही. कधी मिनिटं कमी पडत, कधी मामा जिन्यावर दिसे.

त्यानंतर या घराण्यात पुष्कळ खेळ आले. दुसरा भाग १९९३चा. २००३मध्ये युबिसॉफ्ट कंपनीच्या खेळात वाळू भरलेला खंजीर आला, तो वापरला की वेळ मागं जातो, पडलेला राजपुत्र परत काठावर. लोकांना ती सोय फार आवडली. मला पचली नाही. देखणा खेळ आहे, मी तो पुरा खेळलोही, पण पडून झाल्यावर भांडायलाच कुणी नाही. २०२४चा नवाही बघितला, बरा आहे. मूळ खेळाचा कोड मात्र हरवला होता. २०१२मध्ये मेकनरच्या वडिलांना घरातल्या कपाटात जुन्या फ्लॉपींचं खोकं सापडलं, त्यात तो निघाला आणि मग इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवला गेला. कपाटातलं खोकं टाकून देऊ नये म्हणून आईशी वाद घालायला मला ही बातमी फार उपयोगी पडली.

गेल्या दिवाळीत धाकटा चार दिवस आला होता. फराळ झाल्यावर मी लॅपटॉपवर तो खेळ लावला, आता ब्राउझरमध्येच चालतो. तो चष्मा पुसत आला आणि खुर्ची ओढून डावीकडेच बसला. आम्ही काही ठरवलं नव्हतं. राजपुत्र तळघरात पडला, मागं दार कोसळलं. मी त्याला पळवत नेऊन खिंडीवरून उडवलं. समोरचा काठ आला, हात वर गेले, आणि तो सरळ खाली भाल्यांवर.

'शिफ्ट सोडलंस,' मी म्हणालो.

'लवकर उडवलंस,' तो म्हणाला. त्याची मुलगी दारात उभी राहून बघत होती. तिनं विचारलं, कोण जिंकतंय?