तंजावरहून मनोऱ्याला: डुगाँगच्या किनाऱ्यावर

तंजावरला गेलेली आपली मंडळी बृहदीश्वर आणि सरस्वती महाल ग्रंथालय पाहून परत फिरतात. माझं ऐका, आणखी एक दिवस हाताशी ठेवा आणि मनोऱ्याला जा. इंग्रजांनी नेपोलियनवर मिळवलेल्या विजयाप्रीत्यर्थ दुसऱ्या सरफोजीराजांनी १८१४ च्या सुमारास बांधलेला हा आठ मजली षटकोनी मनोरा पाल्कच्या उपसागराकाठी उभा आहे. गावाचं नावही राजांवरूनच, सरभेंद्रराजपट्टिनम. आणि याच किनाऱ्याच्या उथळ पाण्यात डुगाँग, म्हणजे समुद्रगाय, चरते.

तंजावरहून बसने पट्टुकोट्टै गाठा, तिथून किनाऱ्याकडे जाणारी बस घ्या. ऑक्टोबर ते डिसेंबर टाळा, ईशान्य मोसमी पावसाचे दिवस असतात. जानेवारी ते मार्च उत्तम.

डुगाँग दिसेल या आशेने मात्र जाऊ नका. पाणी गढूळ, जनावर लाजाळू. श्वास घ्यायला दर काही मिनिटांनी नाकपुड्या वर काढते आणि पुन्हा खाली. पाहायचं असेल तर तिचं गवत पाहा. भरतीने काठावर टाकलेल्या ढिगातून मी एक जुडी उचलली: फितीसारखी चपटी पानं, खाली पेरापेरांचं आडवं खोड, त्याला बारीक मुळं. हे शेवाळ नव्हे, फुलणारी वनस्पती आहे. डुगाँग ती मुळासकट उपटून खाते, दिवसाला तीस-चाळीस किलो. चरून गेल्यावर तळावर लांब चर उमटतात. ट्रॉलरचं जाळं तळ खरवडून गेलं की हे कुरण उजाड होतं.

तेरा-चौदा महिन्यांच्या गर्भारपणानंतर एकच पिल्लू, पुढच्यासाठी तीन ते सात वर्षं. जाळ्यात अडकून एक मादी गुदमरली तरी केवढं नुकसान! म्हणूनच सप्टेंबर २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारने इथलं ४४८ चौरस किलोमीटर क्षेत्र देशातलं पहिलं डुगाँग संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केलं, याचं मला फार मोल वाटतं. तरी खरी राखण मच्छीमारांचीच. अडकलेलं जनावर जाळं कापून सोडणाऱ्यांचा वनखातं बक्षीस देऊन सन्मान करतं. पण हाताने जाळं कापणं म्हणजे काय, हे ते विणणाऱ्यालाच ठाऊक.

पहाटे जवळच्या मल्लिपट्टिनम बंदरावर नक्की जा. 'कडल पसु' (तमिळमध्ये समुद्रगाय) एवढं म्हटलं तरी लोक आपुलकीने बोलू लागतात. बाकी संभाषण खुणांवर आणि मोडक्या इंग्रजीवर निभावतं. १५ एप्रिल ते १४ जून मासेमारीबंदीमुळे ट्रॉलर धक्क्याला असतात, तेव्हा बंदरावर पहाटेची लगबग नसते. डुगाँग दाखवा म्हणून कुणाला पैसे देऊन होडी काढायला लावू नका; इंजिनाच्या आवाजाने ती बिथरते, पात्याने जखमी होते. पिण्याचं पाणी आणि टोपी सोबत ठेवा. मुक्काम पट्टुकोट्टैतच करा आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरल्या उतरल्या विचारून घ्या.