आमची वाटचाल: स्वयंपाकघरातून गाळ्यात, आणि दारात आलेले साहेब

मसाल्याचा धंदा घरातून गाळ्यात नेला की वीजमीटर बदलतो, भाडं सुरू होतं, माणसं ठेवावी लागतात, हे सगळेच सांगतात. दारात आलेल्या सरकारी माणसाला ‘आत या’ म्हणणं ही आपली मर्जी आहे की बंधन, तेही त्याच दिवशी बदलतं. ते मात्र कुणी सांगत नाही.

आमची सुरुवात मुंबईतल्या राहत्या घरात झाली. वर्षाची उलाढाल तेव्हाच्या 12 लाखांच्या मर्यादेच्या आत होती, म्हणून लायसन्सऐवजी फूड सेफ्टीची साधी नोंदणी पुरली, तेव्हा वर्षाला 100 रुपये. घराला पालिकेच्या कायद्यात चांगलं संरक्षण आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम 1888, कलम 488 : पालिकेच्या माणसाला वस्तीच्या इमारतीत भोगवटादाराच्या, म्हणजे तिथे राहणाऱ्याच्या, संमतीशिवाय शिरायचं तर किमान 24 तास आधी लेखी नोटीस लागते. कायद्यात दुसरीकडे स्पष्ट वेगळं लिहिलं असेल तेवढाच अपवाद. बायकांच्या खोलीत जायचं तर त्यांना आधी दुसरीकडे जायला वेळ द्यावा लागतो. तेव्हा नोटीस नसेल आणि घरात एकट्या आजी असतील, तर ‘उद्या या’ म्हणण्यात उद्धटपणा नाही.

पण त्याच स्वयंपाकघरात विक्रीचा मसाला होत असेल, तर अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 चं कलम 38 लागू होतं. विक्रीचं अन्न जिथे बनतं किंवा साठवलं जातं, तिथे अन्न सुरक्षा अधिकारी तपासणीसाठी येऊ शकतात आणि त्यासाठी आपली परवानगी लागत नाही. म्हणून घरून धंदा करताना माल एकाच खोलीत ठेवावा. कपाटावर, पलंगाखाली, बाल्कनीत पोती गेली की घराचा तेवढा भागही धंद्याची जागा झाला.

गाळ्यात आल्यावर होणारी मोठी चूक म्हणजे जुना पत्ता तसाच राहणं. जीएसटीत घर ‘व्यवसायाचं अतिरिक्त ठिकाण’ म्हणून उरलं, तर जीएसटी कायद्याच्या कलम 67(1) खालची तपासणी घरीही येऊ शकते, कारण ती धंद्याच्या जागेला लागू आहे आणि घर धंद्याची जागा आहे हे आपणच लिहून दिलेलं असतं. बदल झाल्यापासून 15 दिवसांत पत्ता बदलाचा आरईजी-14 हा जीएसटीचा फॉर्म भरायचा, आणि घरच्या पत्त्यावरची फूड सेफ्टीची नोंदणीही सरेंडर करायची.

गाळ्याचं दार बहुधा पॅकिंगच्या मावशी उघडतात. त्यांना एवढंच शिकवलेलं पुरतं : आत बसवा, पाणी द्या, मालकांना फोन लावा. दाराबाहेर ताटकळत ठेवलं की त्याला अडथळा म्हटलं जातं, आणि अडथळा हा स्वतंत्र गुन्हा आहे. मग ओळखपत्र पाहून नाव, हुद्दा, कार्यालय आणि आल्याची वेळ वहीत लिहायची. वजनमापवाले आले तर काट्याचं पासिंग, म्हणजे सरकारी पडताळणी, झाली आहे का ते पाहतात. इलेक्ट्रॉनिक काट्याचं दरवर्षी असतं. प्रमाणपत्र काट्याशेजारी भिंतीवर लावलं की काम पाच मिनिटांत होतं.

खरी कसोटी अन्न सुरक्षा अधिकारी मालाचा नमुना घेतात तेव्हा लागते. त्याच वेळी, तिथेच लेखी सूचना मिळायला हवी. उघड्या पिंपातली मिरची पूड असेल तर ती आधी नीट कालवून घ्यायला सांगा, कारण पिंपाच्या वरचा थर दमट आणि तळाचा कोरडा असू शकतो. नमुन्याचे चार भाग होतात : एक तपासणी करणाऱ्या सरकारी अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्यांकडे (अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांच्या वरचे अधिकारी), चौथा आपण मागितला तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. तो लेखी मागायचा आणि त्याची फी आपण भरायची. घाईत नेमकं हेच राहून जातं, आणि मग विश्लेषकाचा अहवाल विरोधात गेला की ताडून बघायला हातात काही नसतं. विश्लेषकाचा आणि चौथ्या भागाचा अहवाल वेगळे आले, तर राखून ठेवलेला एक भाग रेफरल लॅबकडे, म्हणजे वादाचा निकाल देणाऱ्या प्रयोगशाळेकडे, जातो आणि तिचा निकाल अंतिम.

नमुन्याची प्रत्येक बाटली जाड कागदात गुंडाळतात, तळापासून वरपर्यंत चिठ्ठी चिकटवतात, दोरा बांधतात, लाखेचे किमान चार ठसे : एक वर, एक खाली, दोन अंगावर. दोऱ्याच्या गाठीही लाखेखाली. आपली सही अर्धी चिठ्ठीवर आणि अर्धी कागदावर पडली पाहिजे. चारही पाकिटांवर ती तशी पडली का, हे स्वतः फिरवून पाहा. नमुन्याची किंमत नेहमीच्या विक्रीच्या दराने मिळते. बिल करून द्या, त्यावर बॅच नंबर घाला. नाकारलेला, परत आलेला माल आधीपासूनच वेगळ्या रॅकवर, ‘विक्रीसाठी नाही’ अशा मोठ्या अक्षरांत ठेवलेला असावा. नाहीतर नमुना त्यातूनच घेतला जातो.

जीएसटीच्या पथकाकडे आयएनएस-01 हे अधिकारपत्र असतं आणि ते सहआयुक्त किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याचं लागतं. त्यात गाळ्याचा नंबर आणि आलेल्यांची नावं आहेत का, ते वाचून घ्या. शेजारच्या गाळ्याचा नंबर असेल तर ते तिथेच दाखवा आणि वहीत लिहा. पण दार अडवू नका. झडतीचा अधिकार असेल आणि दार उघडलं नाही, तर कलम 67(4) खाली ते फोडता येतं. झडती चालू असताना कर भरायला लावू नये, अशी केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाची 25 मे 2022 ची सूचना आहे. तिची प्रत आमच्या फाईलमध्ये पहिल्याच पानावर असते.

पंचनाम्यावर सही टाळू नये, कोऱ्या कागदावर मात्र करू नये. हरकत असेल ती सहीच्या वर, आपल्या अक्षरात लिहायची, आणि निघण्याची वेळ घातल्याशिवाय प्रत घ्यायची नाही.